हॅनोव्हर पार्कमधील बिऱ्हाड

शिकागोच्या युनियन स्टेशनातून पश्चिमेकडे निघणारी मेट्राची लोकलगाडी आरंभी गोदामे, विटकरी भिंती आणि रुळांचे जाळे यांतून हळूहळू वाट काढते. बेन्सनव्हिल, वूड डेल, आयटास्का, मेडिना, रोझेल अशी स्थानके मागे पडू लागली की इमारती बुटक्या होतात, अंगणे रुंदावतात आणि आकाश एकाएकी फार मोठे वाटू लागते. शॉमबर्ग गेले की हॅनोव्हर पार्क. शिकागोपासून हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे तासाभराचा प्रवास. स्थानकाबाहेर पडणाऱ्याला प्रथम दिसतो तो मोटारींचा विस्तीर्ण तळ. गाव कोठे आहे, असे तो शोधू लागतो आणि थोड्या वेळाने त्याच्या लक्षात येते की हेच गाव आहे. येथे वेस नाही, पार नाही, पेठ नाही. लेक स्ट्रीट, बॅरिंग्टन रोड आणि आयर्व्हिंग पार्क रोड या तीन मोठ्या रस्त्यांच्या आधाराने वस्ती पसरलेली आहे, एवढेच.

कायद्याच्या भाषेत हॅनोव्हर पार्क हे आजही ‘व्हिलेज’, म्हणजे खेडेच आहे. १९५८ साली त्याची रीतसर स्थापना झाली. तोवर येथे बहुतेक शेतीच होती. पुढील दोन दशकांत मध्यम कुटुंबांना परवडतील अशी छोटी घरे आणि दोन-तीन मजली भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. आज लोकसंख्या सदतीस हजारांच्या आसपास असून तीत मेक्सिकोतून आलेल्या कुटुंबांचा मोठा वाटा आहे. भारतीयही पुष्कळ आहेत. शेजारच्या शॉमबर्गमध्ये मोठी कार्यालये आणि १९७१ साली उघडलेले वूडफील्ड हे प्रचंड खरेदीकेंद्र आहे. साहजिकच तेथील भाडी चढी. हॅनोव्हर पार्कच्या इमारती जुन्या, गालिचे झिजलेले, धुलाईयंत्रे तळघरात आणि तीही सामायिक. म्हणून भाडे कमी. शॉमबर्गमध्ये कमवावे आणि हॅनोव्हर पार्कमध्ये राहावे, हा येथील नवागतांचा हिशेब व्यापाऱ्याच्या मुलाला चटकन उमगतो.

सांगलीच्या एका हळद-व्यापारी घराण्यातील मुलगा काही वर्षांपूर्वी पत्नीसह येथे आला तो हाच हिशेब मनाशी धरून. शॉमबर्गमधील नोकरी पक्की होती, पगार चांगला होता, पहिल्या महिन्याचे भाडे आणि अनामत बँकेत जमा होती. कचेरीतील तरुण बाईंनी हसतमुखाने खोल्या दाखविल्या, अर्जाची फी घेतली आणि दोन दिवसांनी तितक्याच हसतमुखाने नकार कळविला. कारण एकच होते. त्याची पतनोंद सापडत नव्हती. वाईट नोंद असती तर गोष्ट निराळी, ती नोंदच नव्हती. ज्या घराण्याच्या नुसत्या शब्दावर सांगलीच्या सौद्यांत हळदीची शंभर पोती हलत, त्या घरच्या मुलाला हॅनोव्हर पार्कमध्ये दोन खोल्या मिळेनात.

ही बातमी सांगलीला पोचली तेव्हा वडिलांना, म्हणजे तात्यांना, ती प्रथम समजलीच नाही. “भाडं बुडवणारं घराणं आहे का आपलं? वर्षाचं भाडं एकरकमी भरतो म्हणावं,” असे ते फोनवर म्हणाले. मुलाने तेही विचारून पाहिले होते. त्या कचेरीच्या नियमांत ते बसत नव्हते. तात्यांना राग आला तो पैशांमुळे नव्हे. आपल्या आजोबांपासून जमविलेली पत मुलाच्या सामानाबरोबर समुद्रापलीकडे गेली नाही, हे त्यांना फार लागले.

वस्तुतः अमेरिकेतील पतनोंदीची कुळकथा पाहिली तर ती व्यापाऱ्यांच्याच पेढीवर जाऊन पोचते. न्यूयॉर्कमध्ये रेशमाच्या व्यापारात असलेल्या लुईस टॅपन यांनी १८३७च्या मंदीत उधारी बुडण्याचा कटू अनुभव घेतला आणि १८४१ साली ‘मर्कंटाइल एजन्सी’ स्थापन केली. गावोगावचे वकील आणि प्रतिष्ठित माणसे या संस्थेला तेथील दुकानदारांविषयी टिपणे पाठवीत : मालक व्यसनी आहे काय, देणे वेळेवर देतो काय, सासऱ्याचा आधार आहे काय. इलिनॉयमध्ये वकिली करीत असताना अब्राहम लिंकन यांनीही अशी टिपणे पाठविली होती, असे सांगतात. सांगली-बार्शीच्या बाजारात जी माहिती दलालांच्या तोंडून फिरत असे, तीच तेथे जाड वह्यांत उतरली. मात्र १९८९ साली फायको नावाचा गुणांक आला आणि माणसाविषयीच्या टिपणाची जागा एका आकड्याने घेतली. हा आकडा ३०० ते ८५० यांमध्ये असतो. त्यातील सर्वांत मोठा भाग, ३५ टक्के, देणी वेळेवर चुकविली की नाहीत यावर ठरतो. आणि निदान सहा महिने जुने असे एखादे उधारीचे खाते असल्याशिवाय तो आकडा निघतच नाही. ज्याने कधी कर्ज काढले नाही त्याची पत शून्य, हा न्याय कर्जाला कमीपणा मानणाऱ्या घरांत पटणे कठीण आहे. पण तेथे राहायचे तर तो मानावा लागतो. शहाणी मंडळी पोचल्या आठवड्यातच बँकेत अनामत ठेवून त्या बदल्यात मिळणारे क्रेडिट कार्ड घेतात, त्यावर किराणा भरतात आणि महिनाअखेर पै न् पै फेडतात.

तोवरचे सहा महिने कसे काढायचे? मार्ग दोन-तीनच असतात. नोकरीचे पत्र दाखवून अधिक अनामत द्यावी, एखाद्या छोट्या घरमालकाशी प्रत्यक्ष बोलून पाहावे, किंवा ज्याची पत आहे असा सहीदार आणावा. सांगलीच्या मुलाला पहिल्या मार्गाने घर मिळाले. दोन महिन्यांची अनामत देऊन त्याने एक ‘गार्डन अपार्टमेंट’ घेतले. जाहिरातीतील या शब्दाने पुष्कळ नवागत फसतात. गार्डन म्हटल्यावर पत्नीच्या मनात तुळस, मोगरा आणि खिडकीतून दिसणारी हिरवळ आली. हिरवळ दिसली खरी, पण ती डोळ्यांच्या उंचीवर. शिकागोच्या परिसरात गार्डन अपार्टमेंट म्हणजे अर्धे जमिनीखाली गेलेले घर. ते स्वस्त असते, उन्हाळ्यात गार असते, आणि पावसाळी दिवसांत त्याला दमट वास येतो. सांगलीशेजारच्या हरिपुरात हळद साठवायला जमिनीत पेवे खोदत असत. “आपणही पेवात उतरलो म्हणायचं,” असे मुलाने घरी कळविले. आई हसली. तात्या हसले नाहीत.

भाडेकरार बावीस पानांचा होता. तो बारा महिन्यांचा असतो आणि त्यातील प्रत्येक महिना खरोखर देणे असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे लागते. पती-पत्नी दोघांनी सही केली तर अर्धे-अर्धे देणे होत नाही, पूर्ण भाड्याला दोघेही स्वतंत्रपणे बांधील राहतात. नोकरी गेली वा बदली झाली म्हणून करार आपोआप सुटत नाही. इतकेच की, घर मध्येच सोडले तर मालकानेही ते पुन्हा भाड्याने देण्याचा योग्य प्रयत्न करावा, असे इलिनॉयचा कायदा सांगतो. मुदत संपण्यापूर्वी बहुधा साठ दिवस आधी राहणार की जाणार हे लेखी कळवावे लागते. ती तारीख चुकली की महाग पडते. मुंबईच्या चाळीत १९४७च्या कायद्याच्या छायेखाली पिढ्यान् पिढ्या त्याच भाड्यात राहिलेली, पागडी देऊन दुकान घेतलेली मंडळी येथे आली की त्यांना भाडेवाढीचे पत्र अन्यायाचे वाटते. परंतु इलिनॉय राज्याने १९९७ साली कायदा करून गावांना आणि शहरांना भाडे-नियंत्रण लावण्यासच मनाई केली आहे. वर्ष संपले की नवा दर, पटला तर राहा. दुसऱ्या बाजूने पाहता, १९६८च्या राष्ट्रीय कायद्यान्वये वर्ण, धर्म किंवा मूळ देश पाहून घर नाकारता येत नाही, आणि पुढे १९८८ साली लेकुरवाळ्या कुटुंबांनाही हे संरक्षण मिळाले. अमुक आहाराच्या लोकांनाच घर देऊ, अशा मुंबईतील पाट्यांची सवय असलेल्यांनी या तरतुदीकडे जरा थांबून पाहावे. जो कायदा तेथे त्यांचे रक्षण करतो तो येथे कोणाचे करू शकला असता, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

घर मिळाले की खरी परीक्षा स्वयंपाकघरात. विजेच्या शेगडीवर फुलका फुगत नाही. जाळी ठेवून फुगविण्याची युक्ती एक बाई दुसरीला शिकविते. ओव्हनमध्ये आधीच्या बिऱ्हाडाने काय भाजले असेल या शंकेने बहुतेक जैन घरांत तो कायमचा बंद असतो आणि त्यात कढया, तवे, परातींचे कोठार होते. शेगडीवरील पंखा पुष्कळदा धूर बाहेर न टाकता गाळून पुन्हा घरातच सोडतो, आणि निजण्याच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत धुराचा आणि विषारी वायूचा गजर बसविणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा घरात मिरचीची फोडणी म्हणजे साऱ्या जिन्याला निमंत्रण. पहिल्याच आठवड्यात गजर झाला तेव्हा वरच्या मजल्यावरील मेक्सिकन आजीबाई धावत आल्या, टॉवेलने वारा घातला आणि भाषा कळत नसताना वरणाचा वास घेऊन मान डोलावून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणून दिल्या. त्यांच्या दुकानात ती भारतीय दुकानापेक्षा ताजी मिळते, हेही त्या निमित्ताने कळले.

याहून नाजूक प्रश्न कीटकांचा. जुन्या इमारतीत कचेरीचा माणूस ठरावीक दिवशी औषध फवारायला येतो, आदल्या दिवशी दाराला चिठ्ठी अडकते. ज्यांना हे मनाला लागते ती कुटुंबे आधीच पत्र देऊन विनंती करतात आणि स्वतःचे घर इतके कोरडे, झाकलेले ठेवतात की तक्रारीला जागा उरू नये. कधी विनंती मानली जाते, कधी नाही.

दिवस मावळण्याची वेळ हाही येथे घर निवडण्याचा एक निकष ठरतो. डिसेंबरात सूर्य दुपारी चार-वीसच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये रात्री साडेआठला. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला हिवाळ्यात कार्यालयातच डबा संपवावा लागतो. म्हणून भाडे थोडे अधिक पडले तरी कार्यालयाजवळ राहणारे आहेत. आणि हिवाळा म्हणजे नुसती थंडी नव्हे. २०१९च्या ३० जानेवारीला ओहेअर विमानतळावर पारा उणे ३१ अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा ठिकाणी भाड्यात उष्णतेचा खर्च धरला आहे की गॅसचे बिल वेगळे, हा प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. मोटारीवाचून तर पान हलत नाही. रस्त्याच्या कडेने पायी जाणारा माणूस दिसला की तो नवा आला आहे, असे खुशाल समजावे.

मोटार आल्यावर बार्टलेट जवळ होते. हॅनोव्हर पार्कला लागूनच असलेल्या या गावात रूट ५९ या रस्त्यावर शिकागोच्या जैन संघाचे मंदिर आहे. १९९३ साली ते उभे राहिले. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची बाजू मांडली ते वर्ष १८९३, म्हणजे बरोबर शंभर वर्षांपूर्वीचे. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही परंपरांच्या मूर्ती येथे एकाच छताखाली आहेत. गावी ज्यांची मंदिरे, पंगती आणि कधी कधी खटलेही वेगळे, ती मंडळी येथे एकाच तळावर मोटारी लावतात. दर्शनानंतर चपला घालताना जे संभाषण चालते त्यात कोणाचे घर रिकामे होत आहे, कोणता घरमालक सरळ आहे, कोणत्या इमारतीत पाणी झिरपते, हे सारे येते. सांगलीच्या मुलाला वर्षाअखेर दुसरे, वरच्या मजल्यावरचे घर मिळाले ते अशाच बोलण्यातून.

पहिले घर सोडताना मात्र एक धडा मिळाला. राहायला येताना कचेरीने एक यादी दिली होती. प्रत्येक खोलीतील डाग, चरे, मोडतोड तीत लिहून द्यायची होती. मुलाने घाईत ‘सर्व ठीक’ असे लिहून सही केली होती. घर सोडल्यावर सत्तावीस दिवसांनी हिशेबाचे पत्र आले. गालिच्यावरील डाग, स्वयंपाकाच्या ओट्यावरील पिवळे डाग, दोहोंची दुरुस्ती, आणि त्यापोटी अनामतीतून मोठी कपात. ओट्यावरचे डाग हळदीचेच होते, ते त्याने मान्य केले. तात्यांनी प्रवासी मित्राबरोबर पाठविलेली घरची हळद होती ती, रंग सोडणार कशी! गालिच्यावरचे काळपट डाग मात्र आधीच्या बिऱ्हाडाचे होते. पण आता पुरावा काय? पाच वा अधिक घरांच्या इमारतीत मालकाने कपातीचा तपशील तीस दिवसांत खर्चाच्या पावत्यांसह किंवा अंदाजपत्रकासह पाठविला पाहिजे, नाही तर पूर्ण अनामत पंचेचाळीस दिवसांत परत केली पाहिजे, असा इलिनॉयचा नियम आहे. रोजच्या वापराने होणारी झीज कापता येत नाही, हेही खरे. मुलाने पत्र लिहून झिजेचा मुद्दा मांडला, तेव्हा गालिच्याची निम्मी रक्कम परत मिळाली. दुसऱ्या घरात शिरताना त्याने सामान आत नेण्यापूर्वी भिंत न् भिंत टिपली, एकशे बारा छायाचित्रे काढली आणि ती त्याच दिवशी कचेरीला पाठविली.

त्यानंतरच्या भाद्रपदात आई आणि तात्या दशलक्षण पर्वासाठी आले. तात्या पहाटे उठून इमारतीभोवती फेऱ्या मारीत, पत्रपेट्यांवरील नावे वाचीत, आणि इतकी घरे असून माणूस का दिसत नाही, असे रोज एकदा विचारीत. वरच्या आजीबाई जुन्या इमारतीतून मुद्दाम भेटायला आल्या, तेव्हा आईने त्यांना हळदीची पुडी दिली. दोघी अर्धा तास आपापल्या भाषेत बोलत बसल्या होत्या.

पर्व संपत आले असता मंदिरात भेटलेला बार्शीकडचा एक तरुण घरी आला. शिकायला आलेला, नुकतीच नोकरी लागलेली, आणि तोच तो नकार हातात. त्याला सहीदार हवा होता. सांगलीच्या मुलाचा पतगुणांक आता चांगला सातशेच्या वर गेला होता. त्याने कागद वाचला. मुलाने भाडे बुडविले तर बाराही महिन्यांचे भाडे, दंड आणि नुकसानभरपाई सहीदाराने द्यावी, असे त्यात स्वच्छ लिहिले होते.

घरात एकदम शांतता झाली. तात्यांच्या वडिलांनी एका नातलगाला जामीन राहून दोन पेवे भरून हळद गमावली होती. तेव्हापासून त्या घरात लग्नाला, आजारपणाला, शिक्षणाला रोख पैसे दिले जात, परंतु जामीन हा शब्द उच्चारला जात नसे. मुलाला हे ठाऊक होते. मदत करायची तर दोन महिन्यांची अनामत उसनी द्यावी आणि सही टाळावी, असे पत्नीने हळूच सुचविले. ते शहाणपणाचेच होते. पण त्या कचेरीला अनामत नको होती, सही हवी होती.

तात्यांनी त्या तरुणाला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलाविले. जेवताना त्यांनी पगार विचारला नाही. वडील काय करतात, बार्शीत दुकान कोणत्या गल्लीत, तो किती वाजता उठतो, गावी पैसे कोणत्या तारखेला पाठवितो, असे आडवेतिडवे प्रश्न विचारले. ताटात काही उरले का, हेही पाहिले. तो गेल्यावर बराच वेळ ते खिडकीपाशी उभे होते. खाली मोटारींच्या तळावर ऊन उतरले होते.

“सही कर,” ते म्हणाले. “पण खातं घालून.”

शाळकरी मुले वापरतात तशी एक वही त्यांनी जवळच्या दुकानातून आणविली. पहिल्या पानावर वरती श्री लिहिले, खाली त्या तरुणाचे नाव घातले आणि बारा महिन्यांचे पूर्ण भाडे मुलाच्या नावे देणे म्हणून मांडले. मग बारा ओळी आखल्या. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे पोचल्याची चिठ्ठी आली की एक ओळ जमा करायची, आणि ती रात्री सांगलीला फोनवर वाचून दाखवायची, असे ठरले.

सांगलीत तेव्हा सकाळ असते. तात्या दुकान उघडायच्या आधी फोनजवळ बसलेले असतात. आतापर्यंत सात ओळी जमा झाल्या आहेत. चौथ्या महिन्यात चिठ्ठी दोन दिवस उशिरा आली होती. ते त्यांनी त्या ओळीपुढे मुलाकडून लाल शाईने लिहवून घेतले आहे.